स्टेटसवर सीमाप्रश्न, प्रोफाइलवर काय?



काळ्या दिनाच्या फेरीत माझ्याबरोबर चालणारा माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. 1 नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून काढलेला फोटो त्याने तिथल्या तिथे इन्स्टावर टाकला. पुढे कॅम्पस मुलाखती लागल्या आणि फोटो गायब. विचारलं तर म्हणाला, "सरांनी सांगितलं गा, कंपनीवाले सगळं उघडून बघतात. कशाला भानगड?"

मी त्याला नावं ठेवणार नाही. घरी कर्ज आहे, बहीण शिकते आहे. पण फोटोबरोबर त्याने आणखी दोन गोष्टी लपवल्या होत्या. लिंक्डइनवर भाषांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं इंग्रजी आणि हिंदी. मराठी का नाही? 'लोकल वाटतं.' आणि कन्नड का नाही, हे सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

मग पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली. पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न आला, "बेळगावचा आहेस म्हणजे कन्नड येत असेल? हुबळी, दावणगेरेच्या डीलरशी बोलायला माणूस हवाय." हा म्हणाला, थोडं थोडं. रविवार पेठेत मिरचीच्या पोत्याचा भाव कन्नडमध्ये पाडून घेणारा माणूस हा! ती नोकरी त्याला मिळाली नाही. तेवढ्यावरूनच गेली असं मी म्हणत नाही, दहा कारणं असतील. पण चार भाषांत व्यवहार करणारा मुलगा स्वतःच्या हाताने दोन भाषा खोडतो, हे मला आजही खटकतं.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं, यात माझा अजून गोंधळ होतो. तरीही कॉमर्स आणि बी.बी.ए.च्या मित्रांना बोलायचं धाडस करतोय, कारण हा विषय चळवळीचाही आहे. 2004 पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर दर वर्षी आमच्या गल्लीतली चार पोरं पुण्याला, चार बेंगळुरूला जातात आणि दिवाळीला येतात. इथेच पोट भरायची सोय झाली, तर त्यातली निम्मी तरी राहतील. फेरीला माणसं लागतात, आणि ती गावात असावी लागतात.

सोशल मीडियावर करिअर म्हणजे काय, तर कॉलेजात शिकवतात ते असं: कोट घालून फोटो काढा, 'थ्रिल्ड टु अनाउन्स' लिहा, एखाद्या मोठ्या उद्योगपतीचं वाक्य चिकटवा. आमच्या वर्गातल्या चाळीस जणांचे प्रोफाइल शेजारी शेजारी ठेवले तर नावं झाकल्यावर कोण कुठला ओळखता येणार नाही. एआयकडून लिहून घेतलेलं इंग्रजी सगळ्यांचं सारखंच गुळगुळीत. वाचणाऱ्याने तुम्हालाच का फोन करावा?

आता दुसरी बाजू सांगतो. माझी एक मैत्रीण, तीही बी.कॉम.चीच. वडिलांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग लेथवर घ्यायचं, मशिनिंग करून द्यायचं, जॉबवर्कचं बिल पाठवायचं आणि मग पैशाची वाट बघत बसायचं. उद्यमबागेत कुणालाही विचारा, काम मिळण्यापेक्षा पैसे वसूल होणं अवघड. तिने वर्गात शिकलेली एक गोष्ट मोबाइलवर दोन मिनिटांत मराठीत सांगितली. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात 43बी(एच) हे कलम आणलं. त्यामुळे मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत घेणाऱ्याला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणजे मोठ्या कंपनीलाही मार्चअखेर आपलं बिल आठवतं. फक्त तुमची उद्यम नोंदणी हवी आणि ती बिलावर दिसायला हवी.

व्हिडिओत मागे लेथचा आवाज, पंखा, मध्येच वडील "चहा आला" म्हणतात. एडिटिंग शून्य. पण तो उद्यमबागेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला, कारण या लोकांना त्यांच्या भाषेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. पंधरवड्यात तिला दोन वर्कशॉपवाल्यांचे फोन आले, थकीत बिलांची यादी करून दे म्हणून. नंतर एका करसल्लागाराने अर्धवेळ कामाला बोलावलं. फॉलोअर किती? तेव्हा तीनशेसुद्धा नव्हते. पण त्यातले बरेचसे असे, की ज्यांना हिशेब करणारं माणूस खरोखर लागतं. तिने कन्नडमधूनही तोच व्हिडिओ केला. त्यावर आपल्यातल्याच एकाने खाली लिहिलं, "विकली गेलीस काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय. आपलं भांडण सक्तीशी आहे. 2024 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लावावं लागतं, सरकारी कागद मराठीत मिळत नाही, त्याच्याशी आहे. शेजारच्या दुकानदाराच्या भाषेशी आपलं कधीच वैर नव्हतं आणि त्या भाषेत चार पैसे मिळवणं हा गुन्हा नाही. उलट गंमत बघा, पाटीवर टक्केवारी लावता आली, तिच्या मोबाइलमधल्या मराठी व्हिडिओला अजून कुणी पट्टी लावलेली नाही. ही मोकळी जागा आपण फक्त घोषणांनी भरायची का?

म्हणून कॉमर्सवाल्यांनो, शहापूर-वडगावच्या मागावाल्याला साडीची खरी किंमत कशी काढायची ते सांगा. गणपत गल्लीतल्या काकांच्या दुकानाला व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग करून द्या आणि आधी-नंतर काय फरक पडला ते आकड्यांसकट लिहा (काकांना विचारून हं, आकडे त्यांचे आहेत). प्रोफाइलवर चारही भाषा लिहा. इंदूर, वडोदरा, हैदराबादचे मराठी व्यावसायिकही हे पान वाचतात, त्यांनाही कळू द्या की बेळगावात अशी मुलं आहेत.

आणि फोटोचं काय? काळ्या फितीचा फोटो मी काढणार नाही. शांततेने केलेल्या निषेधाची लाज वाटावी असं त्यात काही नाही. मात्र रात्री दोन वाजता रागाच्या भरात कन्नड पोरांना घातलेल्या शिव्या आपल्यातल्या कित्येकांच्या खात्यावर पडून आहेत. त्या पुसा. कंपनी बघेल म्हणून सोडा, आपल्याच आईने वाचल्या तर? शिवाय पोस्टवरून ठाण्यातून फोन येऊ शकतो, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. माझ्याही दोन होत्या, गेल्या आठवड्यात पुसल्या.

मित्राला मी हे सगळं लिहायच्या आधी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुला काय जातंय, तुला अजून मुलाखत द्यायची नाही." ते खरं आहे. फोटो त्याने परत टाकलेला नाही. पण भाषांच्या रकान्यात आता मराठी आणि कन्नड आहे. काल दोघंही मैत्रिणीच्या पुढच्या व्हिडिओसाठी वडगावात एका मागावर गेलो होतो. खटखटाटात तिचा आवाज ऐकूच येईना, तेव्हा कन्नडमधून मालकाला पाच मिनिटं माग बंद करायला सांगितलं ते त्यानेच.