विश्लेषण : मुशी बाजारात, शार्क संकटात… कायदा धक्क्यापर्यंत पोहोचणार कधी?

पनवेल-उरण पट्ट्यातील मासळी बाजारांत मुशी नवी नाही. तळकोकणात तिलाच मोरी म्हणतात. मात्र मुशी म्हणजे शार्क, हे अनेक ग्राहकांच्या गावीही नसते. जगभर शार्कची संख्या घटत असताना आपल्या किनाऱ्यावर नेमके काय वाचवायचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

शार्क लवकर का संपतात?

सुरमईची मादी लाखोंनी अंडी घालते. बहुतेक मोठ्या शार्क मात्र उशिरा वयात येतात, अनेक महिने गर्भ वाढवतात आणि मोजकीच पिल्ले देतात. त्यामुळे अतिमासेमारीतून झालेली घट लवकर भरून निघत नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खुल्या महासागरातील शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली आहे.

मग सगळ्याच मुशींवर बंदी आहे का?

नाही. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी लहान चपट्या तोंडाची मुशी एक-दोन वर्षांत वयात येते आणि तिच्या मासेमारीला बंदी नाही. व्हेल शार्क आणि करवत मासा यांना मात्र २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाइतकेच संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित समुद्री जीवांची यादी आणखी वाढली. शार्कच्या परांच्या निर्यातीवर २०१५ पासून बंदी आहे. हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत.

अडचण कुठे?

या शार्क बहुतेकदा ठरवून पकडल्या जात नाहीत. ट्रॉलर किंवा इतर जाळ्यात त्या बाकीच्या मासळीबरोबर येतात. जाळे वर येईपर्यंत अनेक मेलेल्या असतात. मोठ्या शार्कचे पिल्लू आणि पूर्ण वाढलेली लहान मुशी टोपलीत शेजारी पडली, तर फरक सहज कळत नाही. अशा वेळी नुसता दंडाचा धाक कोळी बांधवांना माहिती दडवायला शिकवतो.

उपाय काय?

वाट राज्यातच सापडली आहे. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. शेजारच्या गुजरातेत अशीच मदत आणि लोकजागृती यांमुळे मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले. पण भरपाई जाळ्याची मिळते. वाया गेलेल्या फेरीची, डिझेलची नाही. ती रक्कम वाढवायला हवी आणि वेळेवर हाती पडायला हवी. करंजा आणि ससून डॉकसारख्या बंदरांवर मुशीची नोंद एकाच नावाखाली न होता जातीनुसार व्हावी. संरक्षित जातींची चित्रे मराठी नावांसह तिथे लावावीत. मोठ्या शार्कची पिल्ले ज्या भागांत आणि ज्या महिन्यांत जास्त सापडतात, तिथे मच्छीमार संस्थांशी बोलून तेवढ्यापुरती जाळी आवरावीत. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी कोळीवाड्यांनी स्वीकारलीच आहे. ही त्याच वाटेवरची पुढची पायरी ठरेल.

शार्क वाचवण्याचा भार एकट्या मच्छीमाराच्या होडीत टाकून चालणार नाही. समुद्र सर्वांचा आहे, तर जाळे कापण्याचा तोटाही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे.