आधी आवाज कमी करून बघा

दुकानात इअरबड बघायला आलेला पोरगा आवाज पार वर नेतो, ढोल-ताशाचं एखादं गाणं लावतो आणि दणका आवडला की पैसे काढतो. चंदगडच्या बाजारात हेच दिसतं, बेळगावातही हेच. माझी विनंती आहे, तुम्ही उलटं करा. आवाज निम्म्याच्या खाली आणा, दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि गाण्याऐवजी कुणाचं तरी बोलणं लावा. गाड्या जात असताना शब्दन् शब्द कळला, तर ती वस्तू चांगली. कळायला आवाज चढवावा लागला, तर डबीवर कुठलंही नाव असो, ती ठेवून द्या.

एवढं सांगायचं कारण म्हणजे कानाला पुन्हा पालवी फुटत नाही. आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या काही हजार बारीक पेशी जन्मतः मिळतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की नव्या येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोठ्या माणसानं ८० डेसिबलनं ऐकलं तर आठवड्याला ४० तास चालतं. ९० डेसिबलला हेच ४ तासांवर येतं आणि १०० ला जेमतेम २० मिनिटांवर. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. फोनचा आवाज पूर्ण वाढवला की पुष्कळ इअरफोन शंभरीच्या पुढे जाऊ शकतात.

आता शिनोळीच्या कारखान्यात किंवा बेळगावच्या कॉलेजात रोज एसटीनं जाणाऱ्याचा विचार करा. जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास. इंजिनाची घरघर दाबायला त्यानं आवाज नव्वदीला नेला, तर आठवड्याची मर्यादा मंगळवारीच संपते. रात्री उशाला डोकं टेकल्यावर कानात शिट्टी वाजतेय असं तो सांगू लागला, तर थट्टेवारी नेऊ नका. कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

कमी आवाजात ऐकू यायचं तर बाहेरचा गोंगाट अडला पाहिजे, आणि ते काम सगळ्यात आधी रबरी टोपी करते. इअरबडबरोबर बहुतेक वेळा तीन मापांच्या टोप्या येतात. माणसं बसवलेली मधली टोपी तशीच वापरतात आणि बाकीच्या डबीत पडून राहतात. तिन्ही घालून बघा. दोन्ही कानांचं माप एकच असतं असंही नाही. टोपी नीट बसली की स्वतःचं बोलणं आतून घुमल्यासारखं वाटतं आणि गाण्यातला ठेकाही भरीव येतो. ज्याला ‘बेस कमी आहे’ म्हणून माणूस महागडी वस्तू घ्यायला निघतो, ते दुखणं कित्येकदा टोपीचंच असतं.

दुसरी गफलत दोन सारख्या दिसणाऱ्या अक्षरगटांची. डबीवर ‘एएनसी’ लिहिलं असेल तर बाहेरचा आवाज तुमच्या कानासाठी कमी होतो. बसच्या इंजिनासारख्या एकसुरी, खर्जातल्या घरघरीवर ते छान चालतं, माणसांच्या बोलण्यावर कमी. ‘ईएनसी’ असेल तर फायदा तुमच्याशी फोनवर बोलणाऱ्याचा. माईक तुमच्या मागचा गोंगाट गाळतो, तुमच्या कानात फरक पडत नाही. दोन्हींना ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणून विकतात. रोज बसचा प्रवास असेल तर एएनसीवर पैसे घालवणं मला योग्य वाटतं. घरातच वापरायचे असतील तर गरज नाही.

आपल्याकडचा पाऊस विसरून काही घेऊ नका. ‘आयपीएक्स४’ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारं. चंदगडच्या आषाढात खिशातली चार्जिंगची डबी भिजते, आणि हा आकडा बहुधा नुसत्या बडचा असतो, डबीचा नसतो. मी स्वतः एका टपरीवरून बिलाशिवाय घेतलेले बड पहिल्या पावसातच बंद पडले आणि दाद मागायला काही उरलं नाही. डबी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओल्या कानात बड घालू नका. दमट हवेत कानात बुरशी धरते. त्याच कारणासाठी एकमेकांचे बडही वापरू नका.

काजूच्या कारखान्यात बसणाऱ्या आयाबहिणींना एक वेगळं सांगायचं आहे. टरफलाच्या तेलानं कातडी भाजते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते तेल लागलेलं बोट गाणं बदलायला बडवर गेलं की तेच कानाला लागतं. कामाआधी गाणी रांगेनं लावून ठेवा आणि हात धुतल्याशिवाय बडला हात लावू नका. एकच कान वापरत असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करा, नाहीतर वायरच्या इअरफोनमध्ये अर्धं संगीत दुसऱ्या बाजूला राहतं आणि हात आवाज वाढवायला जातो.

रस्त्यावर मात्र माझं म्हणणं कडक आहे. तिलारीकडे, पारगडच्या वाटेला, जंगलालगतच्या शिवारात दोन्ही कान बंद करून चालू नका, गाडी तर चालवूच नका. कर्नाटकातून हत्ती आपल्या तालुक्यात यायला लागून दोन दशकं उलटली, गवे तर ठिकठिकाणी आहेत. मोडणारी फांदी, शेजारच्या शेतातून आलेली आरोळी, मागच्या गाडीचा हॉर्न हे ऐकू यायलाच हवं.

वायरच्या इअरफोनला कमी लेखू नका. पावसात दोन-दोन दिवस लाइट गेली तरी त्याला चार्जिंग लागत नाही, आणि अभ्यासाच्या पोराला तो पुरतो. फोनला गोल जॅक आहे की फक्त टाइप-सी, एवढं आधी बघा आणि स्वतःच्याच फोनला लावून बघा, कारण टाइप-सीचा प्रत्येक इअरफोन प्रत्येक फोनवर चालत नाही. बडच्या डबीवर ‘४० तास’ लिहिलेलं असतं, ते चार्जिंगच्या डबीत साठवलेलं चार्जिंग धरून. एका दमात बड किती तास चालतात ते विचारा. त्यातली इवलीशी बॅटरी सहसा बदलता येत नाही, दोन-तीन वर्षांत ती थकते. हे धरूनच किती खर्च करायचा ते ठरवा.

वायरलेस इअरफोनला आपल्या देशात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. डबीवर ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक असतो, ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आणि कुठल्या ब्रँडसाठी आहे ते दिसतं. डबीवरचा ब्रँड त्याच्याशी जुळला नाही तर माल परत करा. वॉरंटीत वस्तू दुरुस्तीला कुठे द्यायची, बेळगावला, कोल्हापूरला की कुरिअरनं, हे पैसे देण्याआधी विचारा. बिल घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा. दुकानदारानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि गणपतीला मुंबईहून कुणी बड घेऊन येणार असेल, तर त्याला आजच फोन करून सांगा, की डबी आणि बिलही सोबत आण.