गायरानात उगवतं काय?

गायरानाची मोजणी निघाली की गावात दोनच प्रश्न: अतिक्रमण कोणाचं, अन् जागा कोणाला? तिथं उगवतं काय, हे कोणी विचारत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अनेक गावांची गायराने सौर पॅनेलांसाठी दिली गेली. दिवसा वीज हवीच, वाद नाही. पण ही जमीन ‘पडीक’ कशी?

काडीच्या सांध्यावर पांढऱ्या केसांचं कडं दिसलं की ते मारवेल समजा. काळ्या जमिनीत, बांधावर हे गवत आपसूक येतं, त्याच बुडख्यातून वर्षानुवर्षे फुटतं. फुलोऱ्याला कापलं तर गुरं काडीही टाकत नाहीत. वाळवून गंज रचली की उन्हाळ्याला आधार होतो. मात्र बारमाही चराई झाली की मारवेल हटतं आणि कुसळी माजते. कुसळं मेंढीच्या लोकरीत, कातड्यात कशी रुततात, ते धनगरांना विचारा!

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल ०६-४०’ हा वाण ठोंबं लावून बांधावर घेता येतो. ज्याला बांध आहे त्याचं भागेल. भूमिहीनाच्या शेळ्यांनी जायचं कुठं? ग्रामसभेत ठरावाला हात वर करण्याआधी, पावसाळ्यात एकदा गायरान फिरून या.