अन्वय आहे; व्यतिरेक कोठे?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात’, अशी वाक्ये औषधांच्या माहितीपत्रकांत वारंवार दिसतात. आधार असतो तो प्रयोगशाळेतील एखाद्या शोधनिबंधाचा. हा आधार वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी कसास लावून पाहावा, असे आमचे मत आहे.

पेशी स्वतःच्याच यंत्रणेने शिस्तबद्ध रीतीने मरते, त्या क्रियेस केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. ती मुख्यतः कॅस्पेज नावाची विकरे घडवितात. झेड-व्हॅड-एफएमके हे रसायन या विकरांना कायमचे जखडून ठेवते. अर्कासोबत ते दिल्यावर पेशी वाचल्या, तर मृत्यू याच मार्गाने होत होता, असे म्हणण्यास बळ येते. तरीही त्या मरत राहिल्या, तर नेक्रॉप्टोसिससारखा निराळा मार्ग असेल, किंवा अर्क केवळ विषारी असेल. औषध दिले, पेशी मेली, हा नुसता अन्वय. मार्ग रोखून पाहणे हा व्यतिरेक. आपल्या न्यायशास्त्रास दोन्ही हवेत.

ज्या निबंधात हा पडताळा नाही, त्याचा हवाला देऊ नये. पडताळा असला, तरी काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. तेथे अग्नी नाही, कोष्ठ नाही, प्रकृती नाही. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेच. परंतु माहितीपत्रकावर विसंबून ज्याने शस्त्रक्रिया लांबविली, त्याचा गेलेला काळ कोणताही कायदा परत आणून देत नाही. लेखणी उचलण्यापूर्वी एवढे स्मरावे.