राळ लागली म्हणून थिनर लावू नका

हिमालयातला ट्रेक करून घरी यावं, सॅक उपसावी आणि टेंटच्या बाहेरच्या कापडावर पिवळट, चिकट ठिपके दिसावेत, हे नेहमीचंच आहे. मग पुष्कळ जण माळ्यावरची थिनरची बाटली काढतात. कृपा करून तसं करू नका. थिनरने डाग जातो हे खरं, पण त्याच्यासोबत कापडावरचा पाणी अडवणारा थरही जाऊ शकतो. ते कळतं पुढच्या पावसात, रात्री दोन वाजता, स्लीपिंग बॅग ओली झाल्यावर.

टेंटचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं असतं. ते पाणी अडवतं ते बहुधा त्यावर चढवलेल्या पॉलियुरेथेनच्या किंवा सिलिकॉनच्या पातळ थरामुळे. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावणातलं ॲसिटोन या थराच्या आणि शिवणींवरच्या पट्टीच्या गोंदाच्या मुळावर उठतात. त्यामुळे हाताशी येईल ते फासण्याआधी कापडाला नेमकं काय चिकटलंय ते बघा. झाडाखालचा प्रत्येक चिकट डाग सारखा नसतो आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोकणात आंबा मोहरावर असताना कलमांच्या सावलीत टेंट लावला, तर सकाळी सगळं कापड चिकट झालेलं असतं. तो झाडाचा चीक नसतो. मोहरावरचे तुडतुडे जो गोड चिकटा टाकतात तो असतो. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून पुसलं की तो निघतो. पण तसाच राहू दिला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि तिचा डाग पक्का होतो, म्हणून घरी पोचल्यावर पहिलं काम ते करा. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंकही पाण्यानेच निघतो. ओलं फडकं त्यावर अर्धा तास ठेवा, मऊ होऊन सुटतो. फणसाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला तेल लागतं, म्हणून तर कोकणात फणस फोडण्याआधी हाताला आणि विळीला तेल लावतात. आणि बिब्याच्या झाडापासून लांबच राहा. त्याच्या फळाच्या रसाने कातडीवर फोड येतात आणि कापडावर पडलेला डाग निघतच नाही. धोबी कपड्यांवर खूण करायला बिबा वापरत ते त्यासाठीच.

खरा त्रास देते ती चीड आणि देवदाराची राळ. उत्तराखंडात टोन्स नदीवर मोरीच्या आसपास राफ्टिंगला गेलात किंवा सांक्रीहून केदारकांठा, हर की दूनकडे निघालात, तर मुक्काम याच झाडांखाली पडतो. खालच्या डोंगरांत चीड आणि वर गेल्यावर देवदार. चिडीच्या बुंध्याला खाचा पाडून खाली भांडी लावलेली दिसतात. तिथले लोक त्या राळेला लिसा म्हणतात आणि तिच्यापासून टर्पेंटाइन व बिरोजा बनतो. त्या बुंध्याला सॅक टेकवू नका, भांड्यांना हात लावू नका आणि तिथे चूल तर पेटवूच नका. लिसा चटकन पेट घेतो आणि उन्हाळ्यात त्या जंगलांना वणवे लागतात.

ताजी राळ मऊ असते ती तिच्यातल्या टर्पेंटाइनमुळे. ते उडून गेलं की मागे कडक, काचेसारखा बिरोजा उरतो. पाण्यात ती मुळीच विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. हे एवढं लक्षात राहिलं की पुढचं सोपं आहे.

टेंटवरची राळ ओली असेल तर घासू नका, ती पसरते. बर्फाचा खडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डागावर धरा. राळ कडक झाली की चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच उचला. चाकू नको. उरलेल्या डागावर सॅनिटायझर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपा. आधी कोपऱ्यातल्या एखाद्या न दिसणाऱ्या जागी लावून रंग किंवा थर सुटत नाही ना ते बघा. द्रावण फडक्यावर घ्यायचं, टेंटवर ओतायचं नाही, आणि जिथे पाणी अडवणारा थर आहे तिथे विशेष जपून. फडक्याची बाजू बदलत राहा, नाहीतर विरघळलेली राळ पुन्हा तिथेच बसते. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅस बंद, खिडक्या उघड्या. शेवटी सौम्य साबणाच्या पाण्याने ती जागा पुसून घ्या. गरम पाणी, इस्त्री आणि वॉशिंग मशीन, तिन्ही वर्ज्य. उष्णतेने राळ वितळून धाग्यांत आणखी खोल जाते आणि मशीनमध्ये थर सोलवटतो.

चेनला राळ लागली असेल तर जुना टूथब्रश आणि थोडं अल्कोहोल. तेल नको, त्यावर धूळ बसून चेन अडकायला लागते.

कयाक आणि वल्ह्यांचं काम सोपं आहे. कडक प्लॅस्टिकच्या कयाकवर खोबरेल तेल चोळा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने पुसा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. वल्ह्याची मूठ दोनदा धुवा, कारण ओल्या हातात तेलकट मूठ ठरत नाही. हवेने फुगवायच्या कयाकवर किंवा राफ्टवर थिनरचा थेंबही नको, सांध्यांचा गोंद सुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइफ जॅकेट, हेल्मेट, रोप आणि हार्नेस यांवर कुठलंही द्रावक वापरू नका. थिनरमुळे हेल्मेटच्या प्लॅस्टिकला वरून न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात आणि लाइफ जॅकेटचा फोम व पट्ट्या कमजोर होऊ शकतात. वस्तू वरून चकचकीत दिसते आणि ऐन वेळी दगा देते. या चार वस्तूंना फक्त कोमट पाणी आणि सौम्य साबण. त्याने डाग गेला नाही तर राहू द्या, डागाने कुणी बुडत नाही. रोपचा एखादा तुकडा राळेने कडक झाला असेल आणि वाकवताना मोडल्यासारखा लागत असेल, तर तो रोप चढाईतून बाद करा.

धुतलेला टेंट सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात नायलॉन लवकर जीर्ण होतं. आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका. दमट राहिलेला पॉलियुरेथेनचा थर स्वतःच चिकट होऊन सुटायला लागतो.

आपल्याकडे बहुतेकांचं सामान क्लबचं किंवा भाड्याने आणलेलं असतं. आपल्यानंतर तोच टेंट, तेच लाइफ जॅकेट दुसरं कुणीतरी वापरणार असतं. राळ लागली असेल तर परत देताना डाग दाखवा. आणि घाईत त्यावर थिनर किंवा पेट्रोल लावलं गेलं असेल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे ते जॅकेट घालून कुणी पाण्यात उतरणार नाही.