नोकरी गेली, तोंड का लपवायचं?



नाशिकहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. तिचे यजमान एका सॉफ्टवेअर कंपनीत सेल्समध्ये होते. चार महिन्यांपूर्वी नोकरी गेली. ‘सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही,’ असं ती लिहिते. ‘रोज सकाळी मी डबा भरून देते. हे बॅग घेऊन बाहेर पडतात, वाचनालयात बसतात, दुपारी बागेत डबा खातात आणि सहाला घरी येतात. मी काय करू?’

पत्र मी दोनदा वाचलं. कारण २०२३ साली आमच्याही घरी हेच झालं होतं. यांचं काम अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी, संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपणारं. त्यामुळे आमच्याकडे डबा नव्हता, बंद दार होतं. नोकरी गेल्यावरही हे रोज सातला आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेत, आणि मी मुलांना ‘बाबांचं काम चाललंय’ म्हणून गप्प बसवत असे. तेव्हा आज पुस्तकातलं नाही, घरचंच सांगते.

आधी ही नोकरी समजून घेऊ या. ‘सॉफ्टवेअरमध्ये आहेत’ एवढंच आपण सांगतो; पण प्रोग्राम लिहिणारा वेगळा आणि तो विकणारा वेगळा. विकणाऱ्याच्या पगाराचे बहुधा दोन भाग असतात. एक पक्का, दुसरा टार्गेट पुरं झालं तर मिळणारा. समजा, वर्षाचे १५ लाख ठरले आणि करार ७०-३० असा आहे. तर पक्के फक्त साडेदहा लाख, म्हणजे महिन्याला साडेसत्त्याऐंशी हजार. तेही भविष्यनिर्वाह निधी आणि कर कापायच्या आधी. उरलेले साडेचार लाख म्हणजे आंब्याचा मोहोर. मोहोर दिसला म्हणून कोणी लोणच्याच्या बरण्या धुऊन ठेवत नाही. आम्ही मात्र ठेवल्या! फ्लॅटचा हप्ता महिना सव्वा लाख धरून ठरवला. ती चूक आमची, कंपनीची नव्हे.

आता हा बाजार एवढा का आटला? २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत सगळं काम घरून सुरू झालं, सॉफ्टवेअरला मागणी आली आणि अमेरिकेत कर्ज जवळजवळ फुकट मिळत होतं. कंपन्यांनी भराभर माणसं घेतली. मग मार्च २०२२ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली. शून्याजवळचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला, तशा कंपन्यांनीही खर्चाला कात्री लावली. त्यात सॉफ्टवेअरचं भाडं पुष्कळदा माणशी असतं. गिऱ्हाइकाने शंभर माणसं कमी केली की आपली शंभर जणांची विक्री गेली. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकांना पत्रं लिहिण्याचं जे काम नवशिकी मुलं करत, त्यातलं बरंचसं आता यंत्र करतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की, ‘यांच्यातच काही कमी असेल’ हा किडा डोक्यातून काढून टाकावा. पाऊसच पडला नाही तर चांगल्या शेतकऱ्याचंही पीक जातं.

आता आमची लपवाछपवी कशी संपली ते ऐका. मार्चमध्ये नोकरी गेली. जूनमध्ये शाळा सुरू झाली, फी भरायची वेळ आली आणि मी स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर रडले. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, “अगं, मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. ज्याचा फोन जेवतानासुद्धा थांबत नव्हता, त्याचा फोन दिवसभर गप्प. आई आहे मी त्याची. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

तीन महिने आम्ही दोघं त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आमच्यापासून लपवत होत्या. एका घरात तीन माणसं तीन कोपऱ्यांत एकच काळजी करत होती!

त्या रात्री मला एक गोष्ट उमगली. सेल्सच्या माणसाचं भांडवल कुठलं? पदवी नाही, दुकान नाही. त्याच्या ओळखी हेच त्याचं भांडवल. आणि आपण काय करतो? ‘कोणाला सांगू नका हं, लोक काय म्हणतील’ म्हणून त्याच्या तोंडाला कुलूप लावतो. म्हणजे त्याचं दुकान आपणच बंद करतो. लग्नाला जायचं नाही, जुन्या साहेबाला फोन करायचा नाही, मग नोकरी आहे हे कळणार कसं? संगणकावरून अर्ज टाकता येतात, टाकावेतच. पण एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो. त्या ढिगातून आपला कागद वर काढणारा कोणी ओळखीचाच असतो.

सासूबाईंनी त्याच आठवड्यात भजनी मंडळात सांगून टाकलं. मला तर धरणी दुभंगावी असं झालं. पण मंडळातल्या एका बाईंचा भाचा सांगलीला हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एजन्सी चालवतो. त्याच्याकडे जागा नव्हती. त्याने भोसरीतल्या दोघांची नावं दिली. पहिल्याने नाही म्हटलं. दुसऱ्याकडे ऑक्टोबरमध्ये काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी. पण बहुतेक सगळा पक्का, आणि काम दिवसाचं.

यात आणखी एक धडा आहे. अमेरिकेला विकणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या गावात विकणं कमीपणाचं वाटतं. पण जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून साधा व्यापारीही संगणकावर आला. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. कारखाने, दवाखाने, शाळा, पतसंस्था सगळ्यांना काहीतरी घ्यावं लागतं. तुमच्या नाशिकला सातपूर-अंबड आहे, कोल्हापूरला गोकुळ शिरगाव आहे. यजमानांनी तिथेही एक चक्कर मारावी.

आता आपल्या वाट्याची कामं.

पहिलं, महिने मोजा. दागिने आणि भविष्यनिर्वाह निधी सोडून हाताशी असलेली रक्कम लिहा. तिला किमान घरखर्चाने भागा. हप्ता, फी, किराणा, औषधं, विम्याचे हप्ते सगळं धरून. समजा ४ लाख ८० हजार आहेत आणि खर्च ६० हजार, तर आठ महिने. ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिच्या तीन महिने आधीपर्यंत मनासारखी नोकरी शोधायची. त्यानंतर पगार कमी असला तरी घ्यायची, हे दोघांनी आजच ठरवा. पैसे संपल्यावर ठरवायला बसलं की भांडण होतं.

दुसरं, बँकेत आधी जा. हप्ता चुकण्यापूर्वी गेलात तर काही सवलत किंवा मुदत मागता येते. ९० दिवस थकलं की खातं बुडीतात धरलं जातं आणि बोलण्याचा सूर बदलतो. क्रेडिट कार्डावर घर मात्र चालवू नका. कित्येक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक व्याज लागतं.

तिसरं, आजारपणाचा विमा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, आणि घरात मधुमेहाचे वडीलधारे असतात. त्याच विमा कंपनीकडे गटातून स्वतःच्या पॉलिसीवर जाता येतं. चौकशी नोकरी सुटते त्याच आठवड्यात करा आणि कुठलाही आजार लपवू नका.

चौथं, कागद. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६ आणि हिशेबाचा कागद एका फाइलीत लावा. कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. महत्त्वाचं म्हणजे, जाण्याआधी पुरे केलेल्या सौद्यांचं कमिशन मिळणार की नाही, हे लेखी विचारायला सांगा. आमच्याकडे हे तोंडी राहिलं आणि ते पैसे गेले ते गेलेच.

पाचवं, ठकांपासून जपा. नोकरी देण्यासाठी नोंदणी, ट्रेनिंग किंवा डिपॉझिटचे पैसे मागणारा ठकच समजा. फसलात तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणि सहावं, जे मला सगळ्यात उशिरा जमलं. मी रोज रात्री विचारायची, “काही झालं का?” उत्तर असायचं, “नाही.” रोज एक ‘नाही’ मी त्यांच्याकडून वदवून घेत होते! मग प्रश्न बदलला. “आज कोणाकोणाशी बोललात?” नोकरी मिळणं त्यांच्या हातात नव्हतं, दहा माणसांशी बोलणं हातात होतं. विकणाऱ्या माणसाला हे कळतं. दहा ठिकाणी विचारावं तेव्हा एक जण दार उघडतो, हे त्याच्या धंद्याचंच गणित आहे. ते त्याला आपल्या तोंडून ऐकायला मिळालं की धीर येतो.

मुलांनाही सांगा. ‘बाबा नवं काम शोधताहेत, तोवर आपण जरा जपून खर्च करू’, एवढं पुरतं. मी अर्धवेळ शिकवते. घरात काही लपवलं जात असलं की वर्गात ते मूल आधी गप्प होतं, हे मी पाहिलं आहे.

तेव्हा नाशिकच्या ताई, उद्या सकाळी डबा भरू नका. चार पानं घरीच वाढा, सासूबाईंना शेजारी बसवून घ्या आणि यजमानांनाच सांगू द्या. बहुधा त्या म्हणतील, ‘मला ठाऊक होतं.’ नाही म्हणाल्या, रागावल्या, तर घटकाभर रागावू द्या. आईचा राग भाजी निवेपर्यंतही टिकत नाही.

आणि जेवण झाल्यावर यजमानांना पहिला फोन जुन्या साहेबांना लावायला सांगा. काय झालं ते मला अवश्य कळवा.