रॉडवरचा पांढरा थर

मागच्या थंडीत आमच्या घरातला पाणी तापवायचा रॉड गेला. वर्षभरातला तो दुसरा. आईने पाणी तापले का ते पाहायला बादलीत हात घातला आणि तिला जोराचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. नंतर रॉड उजेडात धरून पाहिला, तर नळीवर खडूसारखा जाड पांढरा थर आणि त्याखाली बारीक तडा. दुकानदार म्हणाला, माल हलका होता. शेजारी म्हणाले, बायकांना वापरता येत नाही. पाण्याकडे कोणीच बोट दाखवले नाही.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका वस्तीत राहतो. जायकवाडीचे पाणी नळाला काही दिवसांच्या आडाने येते. मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. हे बोअरचे पाणी जड आहे, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, स्टीलच्या पिंपावर पांढरे डाग पडतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. जमिनीखालचे पाणी या खडकातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. त्यालाच आपण जड किंवा कठीण पाणी म्हणतो.

असे पाणी तापले की त्यातला काही क्षार पाण्यात विरघळून राहू शकत नाही. तो सर्वात गरम जागी, म्हणजे रॉडवर, गिझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाशी चिकटतो. पातेल्याला थर बसला की गॅस जास्त जातो. रॉडचे दुखणे वेगळे आहे. तो पाण्यातच बुडालेला असल्याने वीजबिल फारसे वाढत नाही, पण थरामुळे रॉडची उष्णता पाण्यात लवकर जात नाही. रॉड आतल्या आत तापतो, कॉइल जळते, कधी नळीच तडकते. मग वीज पाण्यात उतरते. म्हणून हा प्रश्न नुसता वस्तू खराब होण्याचा नाही, जिवाचा आहे.

आरोग्याबद्दल भीतीही खूप आणि गैरसमजही खूप. जड पाण्याने मुतखडा होतो, असे सर्रास सांगितले जाते. तसे ठाम सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठली मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याचे मोठे कारण आहे कमी पाणी पिणे. आपल्या वस्तीतल्या बाया पाणी कमी का पितात? संडास लांब, अंधारात, रांगेचा. कामाच्या ठिकाणी तर तोही नाही. दिवसभर तहान मारायची आणि दोष बोअरला द्यायचा, हे बरोबर नाही. चव आवडत नसली तरी तपासलेले पाणी भरपूर प्यावे. जड पाण्याचा त्रास कातडीला मात्र होतो. साबणाचा चिकट मळ अंगावर राहतो आणि कोरड्या कातडीला खाज सुटते. लहान लेकरांना शेवटचे दोन तांबे नळाच्या, नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घालावेत.

याच भीतीवर धंदा चालतो. हातात टीडीएस मीटर घेऊन माणूस दारात येतो, आकडा दाखवतो आणि आरओ मशीन हप्त्यावर गळ्यात मारतो. टीडीएस म्हणजे पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. कावीळ, हगवण होते ती जंतूंनी. आरओने जडपणा जातो हे खरे, पण बरेचसे पाणी वाया जाते, आणि जड पाण्याने त्या मशीनचा पडदाही लवकर चोंदतो. म्हणजे हप्ता संपण्याआधी दुरुस्ती सुरू. नुसत्या यूव्हीने किंवा कँडल फिल्टरने जडपणा जात नाही. तुरटीनेही नाही, तिने फक्त गढूळपणा बसतो.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या घरात अर्थिंग नाही, त्या घराने आरओच्या आधी अर्थिंग करून घ्यावे आणि ईएलसीबी बसवावा. वीज गळली की तो क्षणात पुरवठा तोडतो. जड पाण्याने माणूस लगेच मरत नाही, रॉडच्या झटक्याने मरतो. ज्या पैशाने आधी जीव वाचतो, तो आधी तिथे लावावा.

घरात आजपासून करण्यासारख्या गोष्टी अशा:

रॉड प्लास्टिकच्या बादलीत आधी बुडवावा, मग बटन लावावे. काढताना आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्याला हात. लेकरे आसपास असताना रॉड लावून कामाला निघून जाऊ नये.

पंधरा दिवसांनी थर काढावा. पिन काढलेला, गार झालेला रॉड दोन चमचे लिंबूसत्व घातलेल्या गरम पाण्यात तास-दोन तास ठेवावा. फक्त बुडणारा भाग पाण्यात, वायरीचे टोक कोरडे. मग जुन्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून ठेवावा. सुरीने खरवडू नये, दगडावर आपटू नये. तडा दिसला तर फेकून द्यावा, चिकटपट्टी लावून वापरू नये.

संडासाचे ॲसिड रॉडला किंवा भांड्याला लावू नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो जायला जागा नसते.

आंघोळीचे पाणी उकळू नये. जितके जास्त तापवाल तितका थर जास्त. गिझर असेल तर पन्नास अंशांच्या आसपास ठेवावा.

वॉशिंग मशीनच्या नळीतोंडाची जाळी महिन्याने काढून धुवावी. कुलरचे पाणी आठवड्याने पूर्ण बदलावे. क्षार साचत नाही आणि डेंग्यूचा डासही होत नाही.

नळाचे पाणी पिण्याला आणि डाळीला, बोअरचे धुण्याला आणि पुसायला, अशी वाटणी करावी. जड पाण्यात वडीपेक्षा पावडर बरी चालते.

एवढे आपण करू. पण सगळा भार घरावर टाकणेही योग्य नाही. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यानुसार जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. फ्लोराइड १, फार तर १.५ मिलिग्रॅम. नायट्रेट ४५, त्यात सूट नाही. खरे धोक्याचे आहेत ते हे दोन, आणि ते साबणाच्या फेसावरून कळत नाहीत. फ्लोराइडचे पाणी तर पुष्कळदा हलके, चवीला चांगलेही लागते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या गावांनी त्याचे परिणाम दातांवर आणि हाडांवर सोसले आहेत. म्हणून तपासणी हवीच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. एकट्याने जाण्यापेक्षा एका गल्लीने मिळून एका बोअरचा नमुना द्यावा आणि अहवाल विहाराच्या फलकावर लावावा.

कागद हातात आला की महापालिकेला लेखी विचारावे. शेजारच्या कॉलनीला धरणाचे पाणी आणि आम्हाला बोअर, हे कशाच्या आधारावर? सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली तिथे जाऊनच घ्यावे लागले. नुसत्या ठरावाने पाणी मिळत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? मानकाचेही तसेच आहे. ते छापलेले आहे, आपल्या नळापर्यंत आलेले नाही.

आईने आता रॉडला हात लावणे सोडले आहे. चुलीवर पाणी तापवते आणि धुराने खोकते. हा काही उपाय नव्हे. थंडी सुरू होण्याआधी आपला रॉड एकदा उजेडात धरून पाहा. थर असेल तर काढा, तडा असेल तर फेका. आणि येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक रिकामी स्वच्छ बाटली सोबत आणा. नमुना कोणत्या बोअरचा घ्यायचा ते तिथेच ठरवू.